अज्ञान खातेदार

मी कॉमर्सचा पदवीधर. आमच्या अभ्यासक्रमात तत्त्वज्ञान नव्हतं, ऑडिटिंग होतं. त्यामुळे आयुष्यातले गहन प्रश्न मला कायम कुठल्या ना कुठल्या छापील फॉर्ममधूनच भेटत आले आहेत. 'मी कोण?' हा प्रश्न ऋषिमुनींना अरण्यात पडला आणि जन्मभर सुटला नाही. आमच्याकडे तो केवायसीच्या फॉर्मवर असतो आणि आधारकार्डाची झेरॉक्स नि दोन फोटो जोडले की पाच मिनिटांत सुटतो.

असाच एक गहन शब्द आमच्या खातं उघडायच्या कागदपत्रांत आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या नावानं खातं उघडलं की त्या मुलाला 'अज्ञान' म्हणायचं आणि त्याच्या वतीनं सही करणाऱ्याला 'पालनकर्ता'. कोकणातल्या माणसाला हे काही नवं नाही. सातबाऱ्यावर चाळीस हिस्सेदारांच्या दाटीत मध्येच एखाद्या नावापुढं 'अ. पा. क.' अशी तीन अक्षरं भेटतात. अज्ञान पालन कर्ता! ते अज्ञान बालक एव्हाना नातवंडं खेळवत असतं, पालन करणारी माउली केव्हाच निजधामाला गेलेली असते, पण तलाठ्याच्या दप्तरी अज्ञान ते अज्ञानच. तर सांगायचं ते असं, की अज्ञान कोण आणि पालनकर्ता कोण, याचा घोळ कागदावर सहसा होत नाही. तो होतो मैदानावर.

आता जयगडला मैदान आहे असं म्हणणं हे जरा धाडसाचंच. आमच्याकडे किल्ला आहे, दीपगृह आहे, शास्त्री नदीची खाडी आहे, पलीकडे तवसाळला गाड्यांसकट माणसं पोचवणारी फेरीबोट आहे. अलीकडच्या काळात विजेचा मोठा कारखाना आला, मोठ्या बोटींचं बंदर आलं. सपाट जमीन तेवढी आली नाही. देवानं कोकण घडवलं खरं, पण शेवटचा रंधा मारायचं विसरला. जो काही सपाटपणा आहे तो सड्यावर, आणि सडा म्हणजे जांभा दगड. तिथं पडलं की गुडघ्याचं सालपट दगडाला आणि दगडाची लाली गुडघ्याला. असल्या मैदानावर आम्ही क्रिकेट खेळलो. चेंडू कलमांच्या बागेत गेला तर दोन धावा. बागेत मालक असला तर फलंदाज बाद. आणि मालक शिव्या देत बाहेर आला तर सामना अनिर्णित. क्रिकेटच्या नियमांची जन्मदात्री जी लंडनची संस्था, तिला हे कलम सुचलं नाही, कारण तिथं हापूस नाही.

आमच्या त्या खेळाला प्रेक्षक म्हणून नसत. मोठी माणसं मैदानावर येत ती एकाच कामासाठी, कान धरून घरी न्यायला. 'खेळतोयस काय? म्हशीला पाणी कोण दाखवणार?' एवढंच काय ते आमच्या खेळाचं समीक्षण. कोण जिंकलं हे घरी कुणी विचारलं नाही, आणि आम्हीही सांगितलं नाही. फाटलेली चड्डी तेवढी बोलत असे. त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा विचार नाही. आमच्यात दोघंतिघं खरोखर चांगले खेळणारे होते; कुणी बघितलं असतं, कुणी चार गोष्टी सांगितल्या असत्या, तर कुठच्या कुठे गेले असते. ते मुंबईला गिरगावात नोकरीला गेले. न बघण्यानंही मुलाचं नुकसान होतंच. फक्त ते नुकसान कुणाला दिसत नाही. बँकेच्या भाषेत सांगायचं, तर खातंच उघडलं नाही, तेव्हा ते बुडालं कसं म्हणणार?

आता उलट झालं आहे. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली. मॅट आली, दिवे आले, आणि मुख्य म्हणजे खेळाडूंचा लिलाव आला. तोवर आमच्याकडे लिलाव म्हणजे मासळीचा, तोही सकाळी, जेटीवर. २०१९च्या लिलावात कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडकडच्या सिद्धार्थ देसाईला एक कोटी पंचेचाळीस लाख मिळाले, हे टीव्हीवर ऐकल्यापासून जयगड पंचक्रोशीतल्या कित्येक बापांनी आपल्या पोराच्या मांडीकडे वेगळ्या नजरेनं बघायला सुरुवात केली. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. ज्या गावात दोन हंगाम आंबा गेला की घर कर्जात जातं, तिथं एक कोटी पंचेचाळीस लाख हा आकडा रात्री झोपू देत नाही. संघ बारा आहेत आणि गुहागरपासून राजापूरपर्यंत कबड्डी न खेळणारं पोर शोधावं लागेल, हा हिशोब त्या रात्री कुणी मांडत नाही. लॉटरीचं तिकीट घेणारा कधी त्रैराशिक मांडतो का?

शिवाय लिलाव लांबचा. जवळचे फायदेही आहेत. ठराविक पातळीपर्यंत खेळलं की दहावी-बारावीला वाढीव गुण. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण. या आरक्षणापायी आपल्या राज्यात ट्रॅम्पोलिन नावाच्या खेळाची बोगस प्रमाणपत्रं निघाली होती, ते तुम्ही वाचलं असेल. ज्यांनी आयुष्यात खाटेवरसुद्धा उडी मारली नसेल त्यांनी कागदावर कोलांट्या मारल्या. माझं म्हणणं एवढंच, की खेळ हा एकदा पासबुकात आला की मग तो खेळ राहायला फार अवघड जातं.

गेल्या वर्षी चौदा वर्षांखालच्या मुलांचे शालेय कबड्डीचे सामने एका शाळेच्या पटांगणात होते. आमच्या शाखेनं पिण्याच्या पाण्याचे दोन जार दिले होते, सबब मी बँकेचा अधिकृत प्रतिनिधी म्हणून जारशेजारी खुर्चीत होतो. माझ्या पुढ्यात एक गृहस्थ उभे होते. बसा म्हटलं तर बसेनात. त्यांचा मुलगा चढाईला निघाला. किडकिडीत, पण पाय असे हलके की बघत राहावं. मुलगा 'कबड्डी कबड्डी' म्हणत होता आणि दम लागला होता बापाला. 'बोनस घे! बोनस! अरे डावा कोपरा उघडा हाय!' मुलानं डाव्या कोपऱ्याकडे बघितलं नाही. त्यानं आवाजाकडे बघितलं. समोरच्या साखळीला तेवढा क्षण पुरला. पाच जण अंगावर. आणि त्या ढिगाऱ्याखालून त्या पोरानं मान वर काढली ती पंचाकडे बघायला नव्हे, सरांकडे नव्हे, मध्यरेषेकडेही नव्हे. बापाकडे. बाप तोवर तोंड फिरवून शाळेच्या घंटेकडे बघत होता.

कुणी कुणाला काही बोललं नाही. मी मात्र पाण्याचा जार विसरलो आणि तिथं एक ग्लास वाहून गेला.

कबड्डी हा फार मोठ्या मनाचा खेळ आहे. क्रिकेटमध्ये बाद झालेला बाद. कबड्डीत आपल्या गड्यानं एक गुण आणला की बाहेर बसलेला मेलेला गडी जिवंत होऊन आत येतो. पुनर्जन्माची एवढी सुटसुटीत सोय कुठल्याही धर्मात नाही. हा मुलगाही दोन मिनिटांत जिवंत झाला. पण पुढचा सगळा सामना तो कोपऱ्यात अंग चोरून उभा राहिला. चढाईला जायची पाळी आली की दुसऱ्याला पुढे करी. सामना संपला. मी घरी निघालो तेव्हा मला त्यांची मोटारसायकल पुढे दिसली. बाप गाडी चालवता चालवता अर्धा मागं वळून बोलत होता आणि दप्तर पाठीला लावलेला मुलगा हेल्मेटकडे बघून मान हलवत होता. पंचांनी जिवंत केलेलं पोर गाडीवर पुन्हा मरत होतं, आणि तिथं गुण आणणारा सवंगडी नव्हता.

तो बाप दुष्ट होता का? छे हो! मी चौकशी केली. बंदरावर पाळीची नोकरी, रात्रपाळी संपवून रविवारी पहाटे पोराला मागं बसवून रत्नागिरीला सरावाला नेतो. स्वतःला दोन वर्षांत चप्पल घेतली नाही, पोराला बूट घेतले. स्वतः एके काळी गावच्या संघाचा चढाईपटू होता. बहिणीच्या लग्नाच्या वर्षी खेळ सुटला. एवढं ज्यानं घातलं त्यानं थोडं काही मागितलं, तर बिघडलं कुठे? हाच तर प्रश्न आहे. त्यानं घातलं ते खरं, पण कुणाच्या खात्यात घातलं? आणि काढायला गेला ते कुणाच्या?

इथं मला आमची नियमावली आठवते. लोकांना वाटतं बँकेचे नियम हे माणसाला छळण्यासाठी केलेले असतात. पुष्कळसे असतातही. पण अज्ञान खातेदारांच्या बाबतीत आमच्या रिझर्व्ह बँकेनं जे लिहून ठेवलं आहे ते एखाद्या संतानं लिहावं असं आहे. पहिला नियम, मूल दहा वर्षांचं झालं की त्याला स्वतःच्या सहीनं बचत खातं चालवता येतं. ही मुभा २०१४ साली दिली आणि २०२५ साली पुन्हा नव्यानं कळवली. रक्कम किती, हे बँकेनं ठरवावं. पण सही पोराची. दुसरा नियम, तो अठराचा झाला की पालनकर्त्याची सही तिथं चालत नाही, मग तो कितीही मोठा माणूस असो. आणि तिसरा नियम मला सगळ्यांत आवडतो. अज्ञानाच्या खात्यावर उचल द्यायची नाही. ओव्हरड्राफ्ट नाही. खात्यात जमा असेल तेवढंच निघेल. एक पैसाही उणे होता कामा नये. कारण उघड आहे. ज्याला कर्ज म्हणजे काय हे कळत नाही त्याच्या नावावर कर्ज चढवणं हे कायद्याला मान्य नाही.

मैदानावर मात्र उचल सर्रास चालते. बारा वर्षांच्या पोरानं बावीस वर्षांचं यश आजच काढून द्यायचं असतं. आणि त्या खात्याची खतावणीही चमत्कारिक. संघ जिंकला की 'आपण जिंकलो', हरला की 'तू हरलास'. जमेच्या बाजूला 'आपण' आणि नावे टाकताना 'तू'! असली नोंद मी आमच्या वहीत केली असती तर पुढच्या ऑडिटला मला निलंबित केलं असतं.

कल्याणच्या प्रणव धनावडेची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. जानेवारी २०१६, भंडारी कप नावाची शालेय स्पर्धा. पंधरा वर्षांच्या या रिक्षाचालकाच्या मुलानं एका डावात नाबाद १००९ धावा केल्या. ३२७ चेंडू, १२९ चौकार, ५९ षटकार. १८९९ साली इंग्लंडात कॉलिन्स नावाच्या तेरा वर्षांच्या मुलानं केलेल्या नाबाद ६२८ धावांचा विक्रम एकशे सोळा वर्षांनी मोडला. जगभरच्या वर्तमानपत्रांनी फोटो छापले. मुंबई क्रिकेट असोसिएशननं दरमहा दहा हजारांची पाच वर्षांची शिष्यवृत्ती दिली. सगळं योग्यच झालं. पण त्या दिवसापासून त्या पोराच्या प्रत्येक डावाची वजाबाकी १००९मधून होऊ लागली. चाळीस केल्या की नऊशे एकोणसत्तर कमी. पुढं त्याचा खेळ उतरला, आणि २०१७ साली त्याच्या वडिलांनी असोसिएशनला कळवलं, की मुलाची कामगिरी होत नाही, शिष्यवृत्ती थांबवा. रिक्षा चालवणारा माणूस दरमहा येणारे दहा हजार आपण होऊन परत करतो! मी वीस वर्षं बँकेत आहे. अनुदान बंद करा म्हणून अर्ज घेऊन आलेला इसम मी अजून बघितला नाही. पोराच्या खात्यावर चढत चाललेली उचल पालनकर्त्यानं स्वतः जाऊन थांबवली, असं मला ते वाटलं. त्या सगळ्या प्रकरणातला मोठा आकडा माझ्या मते १००९ नव्हे.

आणि जाता जाता, त्या सामन्यात समोर जी मुलं होती त्यांचे डाव ३१ आणि ५२ धावांत संपले होते. समोरच्यांनी तीन बाद १४६५ वर डाव सोडला. त्या अकरा पोरांनी चेंडू आणून देण्यात ते दिवस घालवले. संध्याकाळी घरी गेल्यावर त्यांना कुणी काय विचारलं असेल, हे कुठल्याच वर्तमानपत्रानं छापलं नाही. डाव केव्हा सोडायचा, हे त्यातल्या एकाही पोराच्या हातात नव्हतं. ते ठरवणारे कुणी तरी मोठे होते.

हा सगळा विषय मी एकदा जेवणाच्या सुट्टीत डब्यावर काढला. आमचे कॅशिअर कडक शिस्तीचे. त्यांनी आमटीत भात कालवता कालवता निकाल दिला, "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. आचरेकर सरांनी सचिनला कधी 'छान खेळलास' म्हटलं नाही, म्हणून सचिन झाला."

ही म्हण कुणी काढली कोण जाणे, पण बहुधा पाथरवटानं काढली असावी, दगडानं नव्हे. ज्या दगडाचा देव झाला त्याला आपण हार घालतो. घाव घालता घालता जो भलतीकडे फुटला, तो कुठल्या तरी बांधाला लागला. त्याला कुणी विचारलं नाही. पाथरवटाचं काय, डोंगरात दगड पुष्कळ.

पण आचरेकर सरांचं नाव निघालं की मला गप्प बसवत नाही. एक तर आडनावावरून माणूस आमच्या कोकणपट्टीतल्या आचऱ्याचा, आणि दुसरं म्हणजे आमच्या जातकुळीचा. ते स्टेट बँकेत होते आणि स्टेट बँकेच्याच संघातून १९६३ साली आपला एकमेव प्रथम दर्जाचा सामना खेळले. सचिननं २०१३च्या नोव्हेंबरात वानखेडेवर निरोपाचं भाषण केलं तेव्हा सरांनी आपल्याला कधीच शाबासकी दिली नाही, कारण मी सैल पडेन असं त्यांना वाटायचं, हे सांगितलं ते खरं. पण कॅशिअरांनी गोष्ट निम्मीच सांगितली. सर सरावात यष्टीवर एक रुपयाचं नाणं ठेवत. जो बाद करील त्याला नाणं. कुणीच बाद केलं नाही तर नाणं सचिनचं. अशी तेरा नाणी त्यानं जपून ठेवली आहेत. आता बघा, शब्दानं शाबासकी दिली नाही, रोख दिली. आणि दिली ती कुणाच्या हातात? पोराच्या. ते नाणं सरांच्या दिवाणखान्यातल्या कपाटात गेलं नाही, सचिनच्या वडिलांच्या हातात गेलं नाही. शिवाय त्या नाण्यावर बाकीच्या गोलंदाजांचाही तेवढाच हक्क होता. एवढा स्वच्छ व्यवहार मी सहसा बघत नाही.

आणि त्याच्याही आधीची गोष्ट आहे. अकरा वर्षांच्या सचिनला थोरला भाऊ अजित शिवाजी पार्कवर सरांकडे घेऊन गेला, तेव्हा सर समोर उभे राहिल्याबरोबर पोराचे हात बांधल्यासारखे झाले. बॅटला चेंडू लागेना. सर नको म्हणाले. अजितनं विनंती केली, की तुम्ही निघून गेल्यासारखं करा आणि लांबून बघा. सरांनी ऐकलं. सांगणारे सांगतात की झाडाआडून बघितलं. आणि समोर कुणी नाही म्हटल्यावर पोरगा खेळायला लागला. मला विचाराल तर भारतीय क्रिकेटच्या इतिहासातली मोठी घटना ही आहे. एवढा कडक माणूस, शब्दाला धार, पण एका पोरासाठी झाडामागं जाऊन उभा राहिला. कॅशिअर म्हणाले, "तेवढं सोडा हो." तेवढंच कसं सोडणार?

आमच्याकडच्या एका शाळेतले खेळाचे सर माझे खातेदार आहेत. खेळाचे म्हणजे खेळाचेसुद्धा. हिंदी शिकवतात, चित्रकला शिकवतात, निवडणुका आल्या की शाई लावतात, आणि उरलेल्या वेळात शिट्टी वाजवतात. संघ जिंकला तर फोटोत पहिल्या रांगेत संस्थेचे पदाधिकारी, मागच्या रांगेत मुलं, आणि सर फोटो काढायला. हरला तर मात्र सर पहिल्या रांगेत. ते मला एकदा काउंटरवर हळूच म्हणाले, "पोरांना शिकवणं कठीण नाय हो. लाजतात, पडतात, रडतात, दुसऱ्या दिवशी परत येतात. पण रात्री दहाला पालकांचे फोन येतात ना, 'माझ्या मुलाला पहिल्या सातांत का नाय घेतलात?' मी राखीव पोरांना सगळ्यांना थोडं थोडं खेळवलं तर सामना जातो. नाय खेळवलं तर पोर जातो. पोर जातो तो परत येत नाय. तुम्ही सांगा, काय करू?" मी त्यांना त्यांचं पासबुक भरून दिलं. दुसरं काय देणार? पण पुढच्या सामन्यात त्यांनी राखीव मुलं खेळवली. सामना गेला. फोनही आले असणार.

आमच्या मॅनेजरसाहेबांचं मत वेगळं. ते म्हणाले, टार्गेटशिवाय माणूस हलत नाही. आता टार्गेटाचं आम्हाला काय सांगता! मार्च महिना आला की आमच्या शाखेतला धट्टाकट्टा, बायकामुलांचा माणूस पेन्शन न्यायला आलेल्या आजीला वीस वर्षांची विमा पॉलिसी समजावून सांगायला लागतो. चाळिशीच्या माणसांची टार्गेटापुढं ही अवस्था, तर सातवीतल्या पोराची काय होईल? ओडिशातल्या बुधिया सिंगला २००६ साली पुरीहून भुवनेश्वरपर्यंत पासष्ट किलोमीटर पळवलं तेव्हा त्याचं वय चार वर्षांचं होतं. चार! त्या वयात आमच्याकडची मुलं अंगणातून पडवीपर्यंत जाताना दोनदा बसतात. शेवटी सरकारला मध्ये पडून असलं पळवणं थांबवावं लागलं. त्या पोरानं कुठलं टार्गेट मागितलं होतं, हे मॅनेजरसाहेबांना सांगता आलं नाही. त्यांनी आम्हाला सुट्टी संपल्याची आठवण करून दिली.

उचल ही वाईट गोष्ट आहे, असं माझं म्हणणं नाही; उचलीवरच तर माझा पगार होतो. प्रश्न तारण कुणाचं, हा आहे. खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जायचं होतं आणि पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. १९५२ सालचे सात हजार! खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर कुस्त्या करून त्या घराचं कर्ज त्यांनी फेडलं. ही गोष्ट सगळे सांगतात ती पदकासाठी. मला त्यातलं गहाणखत दिसतं. प्राचार्यांनी कर्ज काढलं ते स्वतःच्या नावावर, तारण ठेवलं ते स्वतःचं. पदक मिळालं नसतं तर घर गेलं असतं ते खर्डेकरांचं. खाशाबांची झोप नव्हे. आणि खाशाबा तेव्हा सव्वीस वर्षांचे होते, सज्ञान होते, लाल मातीत वाढलेले होते. तरीसुद्धा.

हे सगळं मी एवढ्या तावातावानं का लिहितोय, असं तुम्ही म्हणाल. कारण घरचं आहे. आमचे चिरंजीव सातवीत आहेत आणि कबड्डी खेळतात. उजव्या कोपऱ्यात. आमच्या सात पिढ्यांत पकड म्हणून कुणी केली असेल तर ती फक्त उंदराची, त्यामुळे हा गुण आला कुठून यावर घरात संशोधन चालू आहे. गेल्या महिन्यात सामन्याच्या आदल्या रात्री जेवता जेवता तो म्हणाला, "बाबा, उद्या तुम्ही येऊ नका हां."

मी म्हटलं, "का रे? मी काही ओरडत नाही. मी तर तोंडातून अवाक्षर काढत नाही."

"नाही, ओरडत नाही तुम्ही. पण तुम्ही आलात की मला मध्ये मध्ये तुमच्याकडे बघावं लागतं."

"मग बघू नकोस."

"तसं नाही होत." एवढं बोलून त्यानं आणखी एक पोळी घेतली. आमची ही माझ्याकडे बघत होती. मी भाजीत मीठ कमी आहे का याचा विचार करू लागलो.

आता आली का पंचाईत! जावं तर पोराची मान वळते. न जावं, तर माझ्या लहानपणीच्या त्या दोघातिघांसारखं, कुणी बघितलंच नाही, असं व्हायचं. दहा वर्षांवरच्या खातेदारानं स्वतःच्या सहीनं दिलेली सूचना. नियमाप्रमाणं ती पाळणं मला भागच होतं. पण खातेदाराच्या शिलकीवर बँकेची नजर असू नये, असं कुठल्या परिपत्रकात लिहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी निघालो. शाळेच्या पटांगणाच्या वरच्या अंगाला, गडग्याच्या पलीकडे, एक जुनं आंब्याचं झाड आहे. बुंधा चांगला दोन माणसांच्या कवेत येईल असा. मागच्या पायवाटेनं, वाळक्या पानांचा आवाज होणार नाही अशा बेतानं मी तिथं पोचलो, तर झाडामागं आधीच दोघं उभे होते. एक पोस्टातले होते, आणि दुसरे ते मोटारसायकलवाले बंदरावरचे गृहस्थ. तिघांनी एकमेकांकडे बघितलं आणि कुणीच काही विचारलं नाही. पोस्टातले अर्धा पाऊल सरकले, मी पोट आत घेतलं. बंदरवाले कुजबुजले, "जरा हळू हां. ह्या फांदीवर मुंगळे आहेत."

खाली सामना सुरू झाला होता. त्यांचा मुलगा चढाईला गेला. हलक्या पावलांनी इकडून तिकडे, बोनस रेषेवर पाय टाकतोय न टाकतोय असं करत. बंदरवाल्यांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. त्यांनी झाडाची साल घट्ट धरली होती. पोराला पकडलं. ढिगारा उठला, मुलगा उठला, गुडघे झाडले, इकडे-तिकडे कुठेच न बघता ज्यानं पकडलं त्याला काहीतरी बोलला, आणि दोघंही हसले. काय बोलला ते एवढ्या लांबून ऐकू येईना.

"काय म्हणाला असेल हो?" बंदरवाल्यांनी मला विचारलं.

"काही कळलं नाही."

"माका पण नाय," पोस्टातले म्हणाले आणि मानेवरून एक मुंगळा काढून त्यांनी तो हळूच खाली ठेवला. उजव्या कोपऱ्यात आमचे चिरंजीव कमरेत वाकून, दोन्ही हात पसरून उभे होते. समोरून चढाई येत होती.